किरणाची वाट

कोल्हापूरचे महालक्ष्मीचे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. दर वर्षी 9, 10 व 11 नोव्हेंबर या तीन दिवशी, आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 व 2 फेब्रुवारी या तीन दिवशी, मावळतीच्या सुमारास तेथे विशेष गर्दी होते. या दिवशी लोक देवीबरोबरच सूर्याच्या किरणाचेही दर्शन घ्यावयास आलेले असतात. महाद्वारातून आत शिरलेला सूर्यप्रकाश गरुडमंडपातून पुढे सरकतो, एकामागून एक उंबरठे ओलांडतो आणि अखेर गाभाऱ्यात पोचतो. पहिल्या दिवशी तो देवीच्या चरणांना स्पर्श करतो, दुसऱ्या दिवशी त्याहून वर चढतो आणि तिसऱ्या दिवशी मुखावर येतो, अशी परंपरा सांगते. किरण मुखावर आला की घंटानाद होतो, आरती होते. थोड्याच वेळात सूर्य क्षितिजाखाली जातो आणि गाभाऱ्यात पुन्हा समईचा उजेड उरतो. हाच किरणोत्सव होय.

नोव्हेंबरात एकदा आणि फेब्रुवारीच्या तोंडाशी एकदा, हेच दिवस का? याचे उत्तर सूर्याच्या चालीत आहे. सूर्य रोज नेमक्या पश्चिमेला मावळत नाही. सप्टेंबरच्या अखेरीपासून त्याचा मावळण्याचा बिंदू नेमक्या पश्चिमेच्या दक्षिणेस सरकतो. डिसेंबरच्या 21-22 तारखेस तो दक्षिणेची सीमा गाठतो आणि तेथून परत फिरतो. जाताना ज्या बिंदूवरून तो गेला, त्याच बिंदूवरून त्याला परतावे लागते. 10 नोव्हेंबर हा दिवस त्या सीमेच्या सुमारे सहा आठवडे आधी येतो, तर 1 फेब्रुवारी सुमारे सहा आठवडे नंतर. या दोन्ही वेळी कोल्हापुरातून पाहिले असता सूर्य पश्चिमेच्या सुमारे 18 अंश दक्षिणेकडे मावळतो. त्या दिशेने आलेल्या किरणालाच मंदिराची दारे मोकळी सापडतात. सूर्य जसजसा खाली उतरतो, तसतसा किरण अधिक आडवा होतो आणि समोरच्या मूर्तीवर अधिक वर पडतो. म्हणूनच तो चरणांकडून मुखाकडे चढताना दिसतो.

परंतु दारे मोकळी असून भागत नाही, दारापर्यंतची वाटही मोकळी असावी लागते. मंदिर बांधले गेले तेव्हा त्याच्या पश्चिमेस आजच्यासारखी दाट वस्ती नव्हती. पुढे घरांवर मजले चढले, गच्च्यांवर टाक्या बसल्या, फलक उभे राहिले. सूर्य मावळतीला टेकलेला असतो, तेव्हा दूरच्या एखाद्या इमारतीचा कोपराही किरण अडवावयास पुरेसा होतो. शिवाय हवेतील बाष्प, धूळ व धूर आहेतच. त्यामुळे कित्येक वर्षी किरण अर्ध्या वाटेवरच फिका पडला आणि लोक मान खाली घालून परतले. शहरातील भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी उपकरणे लावून प्रकाशाची तीव्रता मोजली, वाटेतील अडथळे नोंदले आणि त्यांपैकी काही दूरही करण्यात आले. किरणाला वाट करून देण्यासाठी एका शहराला आपल्या घरांची मापे घ्यावी लागली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या किरणाकडे थोडे अधिक बारकाईने पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. त्याची कड धारदार नसते. उजेड कोठे संपला आणि सावली कोठे सुरू झाली, हे बोट ठेवून सांगता येत नाही. याचे कारण असे की सूर्य हा बिंदू नाही. आकाशात त्याचे बिंब सुमारे अर्ध्या अंशाचे दिसते, आणि त्या बिंबाच्या वरच्या कडेपासून निघालेले किरण व खालच्या कडेपासून निघालेले किरण यांच्या दिशांत तेवढा फरक पडतो. शंभर मीटर दूर असलेल्या गच्चीच्या कठड्याची सावली पाहावी. तिची कड जवळजवळ एक मीटरभर पुसट झालेली आढळेल. दिवा, मेणबत्ती, विजेचा गोळा यांची स्थिती तर याहूनही वाईट. त्यांचा प्रकाश निघाल्या क्षणापासून दाही दिशांना पांगू लागतो.

सामान्य प्रकाश असा का पांगतो, हे समजण्यासाठी जोतिबाच्या डोंगरावरील चैत्र यात्रेची गर्दी डोळ्यांपुढे आणावी. माणसे हजारो असतात, पण प्रत्येकाची चाल निराळी. कोणी पुढे जातो, कोणी मागे वळतो. दिव्यातील अणूंचे तसेच आहे. तापलेला प्रत्येक अणू आपल्याला वाटेल तेव्हा, वाटेल त्या दिशेने प्रकाशाची एक छोटी लहर सोडतो. आता त्याच गर्दीच्या जागी लेझमीचे पथक उभे आहे अशी कल्पना करावी. हलगीच्या ठेक्यावर साऱ्यांची पावले एकाच क्षणी उचलतात, एकाच क्षणी टेकतात आणि सारे एकाच दिशेने पुढे सरकतात. प्रकाशाच्या लहरींना अशी शिस्त लावता आली तर?

तसे होणे शक्य आहे, याचा सिद्धान्त आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी 1917 साली मांडला. अणूला बाहेरून ऊर्जा दिली असता तो ती काही काळ स्वतःजवळ साठवून ठेवतो. अशा भारलेल्या अणूजवळून नेमक्या त्याच रंगाची लहर गेली, तर तो आपली ऊर्जा सोडून देतो. आणि त्याने सोडलेली लहर जवळून गेलेल्या लहरीची हुबेहूब जोडीदार असते. रंग तोच, दिशा तीच, पाऊलही तेच. एकीच्या दोन लहरी झाल्या, दोहोंच्या चार, चारांच्या आठ. मात्र भारलेले अणू पुष्कळ संख्येने एकत्र ठेवावयाचे कसे, हा प्रश्न सुटावयास चाळीसांहून अधिक वर्षे गेली. 16 मे 1960 रोजी अमेरिकेतील थिओडोर मैमन यांनी कृत्रिम माणकाची एक लहान कांडी घेतली, तिच्या दोन्ही टोकांना चांदीचा मुलामा दिला आणि तिच्याभोवती गुंडाळलेल्या दिव्याचा प्रखर झोत तिच्यावर सोडला. कांडीच्या दोन टोकांच्या आरशांमध्ये प्रकाश पुढेमागे धावू लागला. तिरप्या दिशेने निघालेल्या लहरी बाजूंनी निसटून गेल्या. सरळ धावणाऱ्या तेवढ्या टिकल्या व वाढत गेल्या, आणि एका टोकाकडून तांबड्या प्रकाशाचा सरळसोट झोत बाहेर पडला. हाच पहिला लेसर. लेसर हा शब्द पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांनी बनला आहे. प्रारणाच्या उद्दीपित उत्सर्जनाने होणारे प्रकाशाचे विवर्धन, असा त्याचा अर्थ. प्रारंभी या शोधाची थट्टाही झाली. उत्तर तर सापडले, आता त्याला शोभणारा प्रश्न शोधा, असे लोक म्हणत.

प्रश्न पुष्कळ निघाले, आणि त्यांतील एकाचे उत्तर बारामतीत जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाने दिले. कुमार पटेल यांचा जन्म बारामतीस 2 जुलै 1938 रोजी झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले आणि तेथील बेल प्रयोगशाळेत संशोधन करू लागले. 1964 साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. आपण उच्छ्वासावाटे जो वायू बाहेर टाकतो तोच हा. त्याला नायट्रोजनची जोड दिली असता नायट्रोजनचे रेणू विजेकडून ऊर्जा घेतात आणि ती आयती कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंच्या हवाली करतात, ही यातील खरी युक्ती. या लेसरचा प्रकाश अवरक्त असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण त्याच्या उष्णतेने लाकूड, कातडे, एवढेच नव्हे तर पोलादही कापले जाते. कारखान्यांतून धातूचे पत्रे कापण्यास आता बहुधा काचतंतूचे लेसर वापरतात. परंतु प्रकाशाने पोलाद कापता येते, हा विश्वास प्रथम पटेलांच्या लेसरने दिला. शल्यविशारदांच्या हाती तो आला आणि रक्तस्राव फारसा न होऊ देता शस्त्रक्रिया करणे त्यांना साधू लागले.

लेसरच्या झोताची शिस्त हेच त्याचे बळ आणि तोच त्याचा धोका. एक मिलिमीटर जाडीचा चांगला झोत शंभर मीटर गेला तरी जेमतेम आठ-दहा सेंटीमीटर रुंद होतो. असा झोत डोळ्यात शिरला की बुबुळामागील भिंग त्याला एका सूक्ष्म बिंदूत गोळा करते, आणि तो बिंदू नेमका दृष्टिपटलावर पडतो. जाळणाऱ्या भिंगाखाली कागदाचे जे होते, तेच तेथे होते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. त्यामुळे इजा झाल्याचे पुष्कळदा नंतरच ध्यानात येते, आणि जळलेला भाग पुन्हा पूर्ववत होत नाही. गणेशोत्सवाच्या मिरवणुकांत नाचणारे हिरवे-निळे झोत डोळ्यांवर पडून इजा झाल्याच्या घटना कोल्हापुरातही घडल्या आहेत. बाजारात खेळणे म्हणून मिळणारा लेसरचा दिवा कोणाच्याही डोळ्यांवर धरू नये, आरशावर तर मुळीच नाही.

असो. कापणे व जाळणे हे लेसरचे बाहुबळ झाले. त्याची बुद्धी दिसते ती मोजण्यात. 1969 साली अपोलो-11 मधून गेलेल्या अंतराळवीरांनी चंद्रावर एक परावर्तक ठेवला. पृथ्वीवरून सोडलेला लेसरचा झोत त्यावर आपटून सुमारे अडीच सेकंदांत परत येतो. या प्रवासास लागलेला वेळ अचूक मोजून चंद्राचे अंतर काढता येते. आणि चंद्र दर वर्षी सुमारे 3.8 सेंटीमीटर दूर जात आहे, हे अशाच मापनांतून निश्चित झाले. 2023 साली भारताच्या चांद्रयान-3 मधील विक्रम या अवतरकावरही असाच एक छोटा परावर्तक बसवलेला होता.

याहून कितीतरी सूक्ष्म मापन आता महाराष्ट्राच्या भूमीवर व्हावयाचे आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ हे प्राचीन शिवमंदिरासाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. त्या तालुक्यात लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्याचे ठरले आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी 2016 मध्ये तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2600 कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि पुण्याचे आयुका हे आंतरविद्यापीठीय केंद्र या कामी एकत्र आले आहेत. यांपैकी आयुकाचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर हे कोल्हापुरात जन्मले, तेही 19 जुलै 1938 रोजी, म्हणजे कुमार पटेलांच्या जन्मानंतर अवघ्या सतरा दिवसांनी. त्यांनी उभारलेल्या संस्थेत डॉ. संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी, अशा वेधशाळेचे स्वप्नही भारतात कोणी पाहत नव्हते तेव्हापासून, गोंगाटात दडलेली क्षीण खूण कशी ओळखावी याचे गणित मांडत होते. डॉ. नारळीकर मे 2025 मध्ये निवर्तले.

ही वेधशाळा काय पाहणार? आकाशातील प्रकाश नव्हे, तर प्रत्यक्ष अवकाशाची थरथर. दोन प्रचंड कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत येऊन आदळतात, तेव्हा अवकाशच हेलकावते, आणि तो हेलकावा गुरुत्वीय लहरींच्या रूपाने सर्व दिशांना पसरतो. लहर पृथ्वीवरून जाते तेव्हा एका दिशेतील अंतर किंचित ताणले जाते आणि तिच्या काटकोनातील अंतर किंचित आखडते. हे ओळखण्यासाठी लेसरचा झोत अर्धपारदर्शक आरशाने दोन भागांत विभागतात. एक भाग चार किलोमीटर लांबीच्या एका बाहूतून जातो, दुसरा तेवढ्याच लांबीच्या, पण काटकोनात असलेल्या बाहूतून. दोन्ही टोकांच्या आरशांवर आपटून दोघे परत येतात आणि पुन्हा एकत्र मिळतात.

रंकाळ्याच्या पाण्यात दोन खडे शेजारी शेजारी टाकून पाहावे. एका खड्याच्या लाटेचा उंचवटा दुसऱ्याच्या लाटेच्या खोलगटीवर आला की त्या जागी पाणी निश्चल राहते. लेसरच्या दोन्ही भागांची जुळणी अशीच करतात. त्यांनी परतताना एकमेकांना नाहीसे करावे आणि समोरच्या यंत्राला जवळजवळ अंधार दिसावा. कोणत्याही एका बाहूची लांबी किंचित जरी बदलली, तरी ही जुळणी बिघडते आणि अंधारात प्रकाश लुकलुकतो. सूर्याचा प्रकाश या कामी का चालत नाही, हे आता सांगावयास नको. ज्या लहरींची पावले जुळलेलीच नाहीत, त्यांचे पाऊल चुकले हे ओळखणार कसे?

14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील दोन वेधशाळांनी अशी पहिली लहर टिपली. ती सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षे दूर घडलेल्या टकरीची होती, आणि सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढा वेळ तिची खूण उमटली. चार किलोमीटरच्या बाहूंत पडलेला फरक किती होता? अणूच्या गाभ्यात प्रोटॉन असतो. त्या प्रोटॉनच्या व्यासाचे शेकडो भाग करावेत आणि त्यांतील एक घ्यावा, एवढा. या शोधासाठी रायनर वाइस, बॅरी बॅरिश व किप थॉर्न यांना 2017 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र दोनच वेधशाळा असल्यामुळे लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली हे नीट सांगता आले नाही. संशयित प्रदेश तीन हजार पूर्णचंद्र मावतील एवढा मोठा होता. 17 ऑगस्ट 2017 रोजी दुसरी एक लहर आली, तेव्हा इटलीतील तिसरी वेधशाळाही चालू होती. प्रदेश एकदम आक्रसला, आणि टक्कर झालेली दीर्घिका दुर्बिणींनी काही तासांतच शोधून काढली. आकाशाकडे पाहणारे हे कान जितके दूरदूर असतील तितकी दिशा अधिक नेमकी कळते. मराठवाड्यातील एका माळाकडे जगातील शास्त्रज्ञांचे लक्ष का लागले आहे, ते यावरून समजते.

आणि येथे पुन्हा तोच कोल्हापूरचा प्रश्न उभा राहतो: किरणाची वाट मोकळी ठेवावयाची कशी? अमेरिकेतील वेधशाळांत लेसर ज्या नळीतून धावतो, ती सव्वा मीटरच्या आसपास व्यासाची पोलादी नळी आहे. तिच्यातील हवा काढून टाकण्यासाठी सुमारे 40 दिवस पंप चालवावे लागले, कारण हवेचा एखादा झुळका किंवा धुळीचा एखादा कणही झोताचे पाऊल चुकवू शकतो. किरण सरळ जातो, पण पृथ्वी गोल आहे. चार किलोमीटरमध्ये जमिनीचा बाक एक मीटरहून अधिक भरतो, तेव्हा पायाच त्या हिशेबाने घालावा लागतो. टोकांचे आरसे प्रत्येकी 40 किलोग्रॅम वजनाचे असून ते अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक अशा काचतंतूंनी टांगलेले असतात. दूरच्या रस्त्यावरील मालमोटार, रानात कोसळलेले झाड, शेकडो मैलांवरील समुद्राची भरती, या साऱ्यांची थरथर जमिनीतून आरशांपर्यंत येते. औंढ्याची जागा निवडताना शास्त्रज्ञांनी कित्येक ठिकाणच्या जमिनीचा कंप मोजला होता, तो याचसाठी.

एवढी खबरदारी घेऊनही हॅनफर्ड येथे 2017 च्या उन्हाळ्यात यंत्रांत एक चमत्कारिक खडखड वरचेवर उमटू लागली. शास्त्रज्ञांनी सारी उपकरणे तपासली, पण दोष सापडेना. शेवटी बाहेर जाऊन पाहता एका थंड नळावर साचलेल्या हिमावर चोचीच्या खुणा दिसल्या. तहानेने व्याकूळ झालेले डोमकावळे तो बर्फ टोचून खात होते, आणि त्यांच्या चोचींचे ठोके कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून येणाऱ्या लहरी ऐकण्यासाठी टवकारलेल्या यंत्राला ऐकू जात होते. बर्फ साचू नये म्हणून त्या नळाला आच्छादन घालण्यात आले. औंढ्याच्या माळावर हिम पडत नाही. कावळे मात्र तेथेही पुष्कळ आहेत, आणि उन्हाळ्यात पाणी शोधत ते दूरवर फिरतात.